वारेची भाषा

भिलाईचे नाव निघाले की प्रथम डोळ्यांपुढे येते ती पोलादाची धग. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिली झोतभट्टी सुरू झाली. दुर्गच्या शेजारी, भातशेतीच्या आणि तळ्यांच्या मुलखात, एक नवे नगर उभे राहिले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसाचा छत्तीसगडशी संबंध होताच. कारखान्याच्या निमित्ताने विदर्भातील अनेक कुटुंबे येथे आली आणि येथलीच झाली. नगराबरोबर शाळा आल्या, बाजार आले, आणि सेक्टर ९ मधील मोठे रुग्णालयही आले. पंडित जवाहरलाल नेहरूंचे नाव ते आज धारण करते.

परंतु पोलादाला खनिज लागते, आणि भिलाईचे खनिज येते दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून. हा भाग त्या वेळी दुर्ग जिल्ह्यात होता, आज तो बालोद जिल्ह्यात आहे. या खाणींत कंत्राटदारांच्या हाताखाली हजारो स्त्रीपुरुष लोहखनिज फोडीत आणि वाहत. १९७७ साली त्यांनी आपली संघटना उभारली. त्याच वर्षी जूनच्या २ आणि ३ तारखांना झालेल्या गोळीबारात अकरा कामगार मृत्युमुखी पडले. पुढे काही काळाने संघटनेची उपाध्यक्ष असलेली एक कामगार स्त्री बाळंतपणात दगावली. त्या मृत्यूने खाणकामगारांच्या मनाला असा चटका लावला की, आपल्या बायकांची बाळंतपणे सुखरूप व्हावीत असे एक रुग्णालय आपणच बांधावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. वर्गणी काढून, सुटीच्या दिवशी स्वतः विटा-माती वाहून त्यांनी ते उभारले. ३ जून १९८३ रोजी ते सुरू झाले, आणि गोळीबारात पडलेल्या साथींच्या स्मरणार्थ त्याचे नाव शहीद रुग्णालय असे ठेवण्यात आले.

पोलादाच्या इतिहासात या रुग्णालयाला फारशी जागा मिळावयाची नाही. मातृत्वाच्या इतिहासात मात्र ती मिळालीच पाहिजे. बाळंतपणातील मृत्यू म्हणजे ‘सटवाईने लिहिलेले’, त्याला माणसाचा इलाज नाही, ही समजूत आपल्या समाजात फार खोलवर रुजलेली होती. खाणीतल्या अशिक्षित कामगारांनी ती नाकारली. वैद्यकशास्त्रालाही ती नाकारावयास बराच काळ लागला. ज्या आजाराच्या बाबतीत हा काळ सर्वांत दीर्घ ठरला, तो आजार म्हणजे गर्भिणीचे झटके. वैद्यकाच्या भाषेत गर्भाक्षेप, आणि त्याची पूर्वावस्था ती पूर्वगर्भाक्षेप.

या आजाराचे रूप मोठे फसवे आहे. गर्भारपणाचे पाच महिने बरे जातात. मग पायांवर, हातांवर, तोंडावर सूज दिसू लागते. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया म्हणतात, पहिलटकरणीच्या अंगावर सूज यावयाचीच. मग कधी डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, छातीखाली कळ येते. आणि एके दिवशी, काही कल्पना नसताना, ती स्त्री ताठ होते, दात आवळते, तिचे सर्वांग झटक्यांनी हादरू लागते. युरोपीय वैद्यांनी या आजाराला जे नाव दिले त्या ग्रीक शब्दाचा अर्थच मुळी ‘चमकून उठणे’ असा आहे. निरभ्र आकाशातून वीज पडावी तसा हा आजार कोसळतो, असे त्यांना वाटले.

भारतीय वैद्यकालाही त्याची ओळख होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मूढगर्भाचे विवेचन आहे. तेथे ज्या स्त्रियांना वैद्याने हात लावू नये, कारण त्या वाचावयाच्या नाहीत, त्यांत आक्षेपकाने पीडलेल्या स्त्रीची गणना केलेली आढळते. हा निष्ठुरपणा नव्हे. आपल्या विद्येची मर्यादा ओळखणाऱ्या वैद्याचा तो प्रामाणिकपणा होता. पुढे सुमारे दोन हजार वर्षे जगातील कोणत्याही वैद्याला त्या मर्यादेपलीकडे फारसे जाता आले नाही.

याच परंपरेकडे नव्या शास्त्राच्या अंगणातून वळून पाहणारी पहिली मराठी स्त्री म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहाच दिवस जगले. त्या दुःखातून त्यांची वैद्यक शिकण्याची जिद्द जन्मली. १८८६ साली फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या पदवीधर झाल्या. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय होता ‘आर्य हिंदूंची प्रसूतिविद्या’. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, पुण्यात त्यांचा अंत झाला. ज्या काळात त्या शिकल्या त्या काळी गर्भाक्षेपाविषयी शास्त्राला काय ठाऊक होते? फारच थोडे. फ्रान्समधील सोव्हाज या वैद्याने १७३९ साली हे झटके आणि अपस्मार यांत भेद केला होता. लंडनच्या गाय रुग्णालयात जॉन लीव्हर यांनी १८४३ साली अशा रुग्ण स्त्रियांचे मूत्र तापवून पाहिले, तेव्हा त्यात अल्ब्युमिन नावाचे प्रथिन सापडले. निरोगी माणसाच्या मूत्रात ते असे सापडत नाही. वीज निरभ्र आकाशातून पडत नव्हती; ढग आधीपासून जमत होते, इतके मात्र यातून सिद्ध झाले.

दुसरा ढग दिसावयास आणखी अर्धे शतक लागले. १८९६ साली इटलीतील रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला गुंडाळावयाच्या रबरी पट्ट्याने रक्तदाब मोजण्याचे साधन बनविले, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसमधील वाकेझ आणि नोबेकूर यांना गर्भाक्षेपाच्या रुग्णांत रक्तदाब चढलेला आढळला. आता मूत्रातील प्रथिन आणि वाढलेला रक्तदाब अशा दोन खुणा हाती आल्या. पण त्या खुणाच होत्या. आजार येतो कोठून, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

आणि मग आले १९०५ हे वर्ष. विज्ञानाच्या इतिहासात असा योग क्वचित येतो. त्या एका वर्षात चार गोष्टी चार ठिकाणी घडल्या, आणि त्या घडविणाऱ्यांपैकी कोणीही गर्भाक्षेपाचा विचार करीत नव्हता. लंडनमध्ये अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी आपल्या व्याख्यानांत शरीरातील रासायनिक दूतांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द प्रथम वापरला. हे दूत एका इंद्रियात निर्माण होतात आणि रक्तातून वाहत जाऊन दूरच्या इंद्रियाला कामास लावतात. मराठीत त्यांनाच आपण संप्रेरके म्हणतो. केंब्रिजमध्ये जॉन लँग्ली यांनी असे मांडले की, दूत आला तरी त्याचा निरोप घेणारे काहीतरी पेशीत असावेच लागेल. त्या द्रव्याला त्यांनी ग्रहण करणारे द्रव्य म्हटले. तेच आजचे ग्राही. व्हिएन्नामध्ये योसेफ हाल्बान यांनी प्रतिपादन केले की, वार ही केवळ आईचे अन्न बाळाला पोचविणारी चाळणी नव्हे, ती स्वतःच अशी द्रव्ये निर्माण करणारी ग्रंथी आहे. आणि सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय कोरोत्कोव्ह या तरुण शल्यवैद्याने रिव्हा-रोच्ची यांच्या पट्ट्याखाली रोहिणीवर श्रवणनलिका ठेवून रक्तदाबाचे वरचे आणि खालचे दोन्ही आकडे ऐकण्याची युक्ती सांगितली.

दूत, ग्राही, वार आणि रक्तदाब ही ती चार सूत्रे. एकमेकांत गुंफली जावयास त्यांना जवळजवळ शंभर वर्षे लागली.

मधल्या काळात उपपत्तींना मात्र तोटा नव्हता. कोणी म्हणे हा मूत्रपिंडाचा रोग आहे, कोणी म्हणे यकृताचा, कोणी म्हणे गर्भिणीच्या रक्तात विष साठते. विषाची उपपत्ती इतकी रूढ झाली की, गेल्या शतकाच्या बऱ्याच भागात या आजाराला इंग्रजी ग्रंथांत ‘गर्भिणीची विषबाधा’ याच अर्थाचे नाव होते. ते विष मात्र कोणालाही सापडले नाही. १९१६ साली जर्मन प्रसूतितज्ज्ञ त्स्वायफेल यांनी वैतागून या आजाराला ‘उपपत्तींचा रोग’ असेच म्हटले.

एक गोष्ट मात्र जुन्या सुइणीपासून नव्या डॉक्टरांपर्यंत सर्वांच्या अनुभवाची होती. बाळ जन्मले आणि वार पडली की आजार ओसरू लागतो. बाळाच्या जन्मामुळे की वार पडल्यामुळे? १९३९ साली अमेरिकेतील अर्नेस्ट पेज यांनी या प्रश्नाची उकल एका विचित्र गर्भारपणाच्या आधारे केली. कधीकधी गर्भाशयात बाळ वाढतच नाही. नुसती वारच द्राक्षांच्या घोसासारखी फुगत जाते. अशा द्राक्षगर्भातही रक्तदाब चढतो आणि झटके येतात. बाळ नसताना आजार होतो, पण वार नसताना होत नाही. म्हणजे अपराधी बाळ नव्हे, वार. आणि वारेला रक्त कमी पडणे हे त्याचे मूळ असावे, असे पेज यांनी सुचविले.

वारेला रक्त कमी का पडावे? हे समजण्यासाठी तिची घडण पाहिली पाहिजे. दिवस भरलेली वार वजनाने सुमारे अर्धा किलो असते. तिच्यात आईचे रक्त आणि बाळाचे रक्त शेजारून वाहते, पण एकमेकांत मिसळत नाही. गर्भाशयाच्या भिंतीतून शंभराच्या आसपास नागमोडी रोहिण्या तिच्याकडे रक्त आणतात. एरवी या रोहिण्या अरुंद आणि पिळदार असतात. गर्भारपणाच्या पहिल्या निम्म्या काळात वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात, या रोहिण्यांच्या स्नायूंचा थर काढून टाकतात आणि त्यांची तोंडे रुंद करतात. दुर्गच्या परिसरातील शेतकऱ्याला हे समजावून सांगावयास नको. तांदुळा जलाशयाचे पाणी कालव्याने येते ते शेतात संथ पसरले तर भात पोसतो. तेच अरुंद तोंडातून जोराने आले तर बांध फोडते आणि मातीही वाहून नेते. शेवटच्या महिन्यांत गर्भाशयाला मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त लागते, आणि ते संथपणे मिळावे लागते. बेल्जियमचे ईव्हो ब्रोसेन्स आणि लंडनचे रॉबर्टसन यांनी १९६७ ते १९७२ या वर्षांत सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की, पूर्वगर्भाक्षेप झालेल्या स्त्रियांत या रोहिण्या रुंद झालेल्याच नसतात. कालवा खणला गेला, पण तो अपुरा. झटके येतात आठव्या-नवव्या महिन्यात. त्यांचे बीज पडलेले असते पहिल्या चार-पाच महिन्यांत.

येथे संप्रेरके आणि त्यांचे ग्राही यांचा प्रवेश होतो. वारेच्या पेशींना कोठे शिरावयाचे, किती शिरावयाचे, कोठे थांबावयाचे, हे कोण सांगते? १९२७-२८ साली बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी गर्भिणीच्या मूत्रात एक संप्रेरक शोधले होते. ते वारेतूनच स्रवते, हे पुढे सिद्ध झाले. गर्भधारणेची आजची घरगुती चाचणी याच द्रव्याची खूण पाहते. ते बीजकोशातील पीतपिंडाला निरोप देते की, तू टिकून राहा आणि प्रोजेस्टेरॉन बनवीत राहा. १९२९ साली कॉर्नर आणि ॲलन यांनी दाखविले होते की, पीतपिंडाच्या अर्काखेरीज गर्भ टिकत नाही. गर्भाशयाच्या अस्तरातील ग्राहींना प्रोजेस्टेरॉन जाऊन भिडते, तेव्हा ते अस्तर मऊ, रसदार बनते आणि वारेला रुजावयास वाफा तयार होतो. सात ते नऊ आठवड्यांच्या सुमारास वार हे काम स्वतःकडे घेते आणि स्वतःचे प्रोजेस्टेरॉन स्वतः बनवू लागते.

आता दूत तर पुष्कळ सापडले. पण ग्राही मात्र १९०५ पासून अनुमानातच राहिले होते. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस शिकागो येथे एलवुड जेन्सन यांनी किरणोत्सर्गी खूण केलेले स्त्रीसंप्रेरक प्राण्यांना दिले आणि ते शरीरात कोठे जाऊन राहते याचा माग काढला. रक्तातून ते सगळीकडे गेले, परंतु धरून ठेवले ते गर्भाशयासारख्या मोजक्या इंद्रियांनीच. लँग्ली यांचे अनुमान खरे ठरले. संप्रेरकाचा निरोप रक्तातून सर्वांच्या दारावरून जातो. पण ज्याच्या घरी तो घेणारा असतो, तेथेच तो पोचतो. १९८९ साली वारेच्या त्या पहिल्या संप्रेरकाचा ग्राहीही नेमका ओळखला गेला. तो वारेच्या स्वतःच्या पेशींवरही असतो. म्हणजे वार इतरांना निरोप पाठविते तशीच स्वतःशीही बोलते.

ही भाषा बिघडली म्हणजे काय होते, याचा पहिला स्पष्ट पुरावा १९७३ साली मिळाला. रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब चढविणारे अँजिओटेन्सिन हे शरीरातले एक प्रबळ संप्रेरक. निकोप गर्भारपणात रक्तवाहिन्या त्याला जुमानीनाशा होतात. बाळाला भरपूर रक्त मिळावे म्हणून निसर्गाने केलेली ही योजना आहे. अमेरिकेत डॅलस येथे नॉर्मन गँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलटकरणींना या द्रव्याच्या सूक्ष्म मात्रा देऊन पाहिल्या. ज्यांना पुढे रक्तदाबाचा आजार व्हावयाचा होता, त्यांच्या रक्तवाहिन्या, आजार दिसण्याच्या कितीतरी आठवडे आधीच, त्या संप्रेरकाला पुन्हा दाद देऊ लागलेल्या आढळल्या. दोष दूताच्या संख्येत नव्हता. दोष होता तो निरोप घेण्यात. १९९९ साली बर्लिनमध्ये वालुकाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे एक कारण दाखविले. पूर्वगर्भाक्षेपाच्या रुग्णांच्या रक्तात अशी प्रतिद्रव्ये सापडली की, जी अँजिओटेन्सिनच्या ग्राहीला बिलगून, दूत आलेला नसतानाही, तो आला आहे असे त्याला भासवितात.

सर्वांत मोठा उलगडा झाला २००३ साली. भारतात वैद्यकीय शिक्षण घेऊन बॉस्टनला गेलेले अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी वारांची तपासणी केली. रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी राहावे म्हणून शरीर एक वृद्धिद्रव्य स्रवते. ते रूढ अर्थाने संप्रेरक नव्हे, पण दूतच. आणि अस्तराच्या पेशींवर त्याचे ग्राही असतात. रक्ताला आसुसलेली वार त्या ग्राहीचेच तुटके तुकडे मोठ्या प्रमाणात आईच्या रक्तात सोडीत असल्याचे आढळले. हे सुटे ग्राही रक्तात तरंगत राहतात आणि येणाऱ्या दूताला वाटेतच अडवितात. निरोप निघतो, पण घरी पोचत नाही. मग रक्तवाहिन्यांचे अस्तर आजारी पडते. मूत्रपिंडात ते पडले की प्रथिन झिरपते, सर्व शरीरात पडले की रक्तदाब चढतो, मेंदूत पडले की झटके येतात. तोच सुटा ग्राही गाभण उंदरांना टोचला, तेव्हा त्यांचाही रक्तदाब चढला आणि मूत्रात प्रथिन आले. लीव्हर यांचे प्रथिन, रिव्हा-रोच्ची यांचा पट्टा, स्टार्लिंग यांचा दूत, लँग्ली यांचा ग्राही आणि हाल्बान यांची वार अशी सारी सूत्रे एका गाठीत आली. विष कोणाला सापडले नव्हते, कारण विष नव्हतेच. होता तो हरवलेला निरोप.

परंतु कारण कळले म्हणजे इलाज सापडला, असे होत नाही. आणि उलटपक्षी, कारण कळण्याची वाट इलाज पाहत नाही. ज्या १९५५ साली भिलाईचा करार झाला, त्याच साली अमेरिकेतील जॅक प्रिचर्ड यांनी मॅग्नेशियम सल्फेटच्या, म्हणजे जुलाबासाठी देतात त्या साध्या मिठाच्या, टोचणीने गर्भाक्षेपाचे झटके आवरल्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. भारतात मद्रासचे डॉ. कृष्ण मेनन यांनी १९६१ साली तीन शामक औषधांच्या मिश्रणाची आपली पद्धत मांडली, आणि आपल्या देशातील अनेक सूतिकागृहांत ती दीर्घकाळ चालली. कोणती पद्धत खरी, याचा निर्णय १९९५ साली लागला. भारतासह अनेक देशांतील रुग्णालयांनी मिळून सुमारे १७०० रुग्ण स्त्रियांवर उपचारांची तुलना केली. मॅग्नेशियमने झटके पुन्हा येण्याचे प्रमाण डायझेपामच्या मानाने ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनच्या मानाने ६७ टक्क्यांनी कमी केले. २००२ साली ३३ देशांतील १०,१४१ स्त्रियांवर झालेल्या दुसऱ्या परीक्षेने दाखविले की, झटके येण्याआधीच हे औषध दिले तर त्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटतो.

यातही एक मराठी अध्याय आहे. परदेशी पुस्तकांतील मात्रा परदेशी स्त्रियांच्या वजनाला अनुसरून ठरलेल्या. आपल्याकडील खेड्यांतून येणारी स्त्री बहुधा किरकोळ बांध्याची. तिला तीच मात्रा कशाला? सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय स्त्रियांसाठी मॅग्नेशियमची कमी मात्रेची पद्धत आखली आणि आपले अनुभव २००३ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये सुट्या ग्राहीचा उलगडा झाला होता. एकीकडे रेणूंचा शोध, दुसरीकडे खाटेवरील रुग्णेचा विचार. एका वर्षातील ही दोन कामे एकमेकांना पूरकच होती.

त्यानंतर प्रतिबंधाचे मार्गही सापडले. ज्यांना धोका अधिक, अशा स्त्रियांना अकराव्या ते चौदाव्या आठवड्यापासून रोज १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले, तर दिवस भरण्याआधी होणारा पूर्वगर्भाक्षेप ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर येतो, असे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका परीक्षेत आढळले. ज्यांच्या आहारात कॅल्शियम कमी, त्यांना ते दिल्याने धोका कमी होतो. भारत सरकारने २०१४ साली गर्भिणींसाठी कॅल्शियमच्या गोळ्यांचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले ते याच कारणाने. रक्तातील त्या सुट्या ग्राहीचे मापन करून आजार जवळ आला आहे की नाही हे सांगणाऱ्या चाचण्याही निघाल्या. मात्र झालेला आजार मुळापासून घालविणारा उपाय आजही एकच आहे: वार बाहेर येणे, म्हणजे प्रसूती. ती केव्हा करावयाची, आईच्या जिवासाठी थांबावयाचे नाही आणि बाळाच्या जिवासाठी घाई करावयाची नाही, या दोहोंतील क्षण निवडणे, हीच प्रसूतितज्ज्ञाची खरी कसोटी.

छत्तीसगडमध्ये ही कसोटी अधिक कठीण होते. या प्रदेशात आणि शेजारच्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार बराच आढळतो. या विकारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. अशा स्त्रीला गर्भारपणात रक्तदाबाचा हा आजार होण्याचा धोका इतरांहून अधिक. त्यात गावे विखुरलेली, पावसाळ्यात वाटा बंद. २०१८ ते २०२० या काळात भारतात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या. महाराष्ट्रात ३३, छत्तीसगडमध्ये १३७. या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, ते संप्रेरकांचे वा ग्राहींचे अंतर नव्हे. वारेचे शास्त्र नागपूरला आणि दुर्गला एकच आहे. अंतर आहे ते वाटेचे, वेळेचे आणि विचारपूस करणाऱ्या माणसाचे.

म्हणूनच या प्रदेशाने उचललेल्या एका पावलाचे मोल मोठे आहे. राज्य झाल्यानंतर लवकरच, २००२ साली, छत्तीसगडने प्रत्येक पाड्यावर एक ‘मितानिन’ नेमावयाचे ठरविले. मितानिन म्हणजे मैत्रीण. छत्तीसगडी समाजात विधिपूर्वक जोडलेल्या मैत्रीचे हे नाते फार पवित्र मानले जाते. त्याच पाड्यातील ही स्त्री गर्भिणीच्या घरी जाते, सूज पाहते, डोके दुखते का विचारते, आणि तिला परिचारिकेकडे नेते. तेथे दंडाला तोच रबरी पट्टा गुंडाळला जातो. वीस आठवड्यांनंतर १४० आणि ९० या आकड्यांपलीकडे रक्तदाब दिसला की मोठ्या रुग्णालयाची वाट धरावयाची. या साऱ्याला मोठे यंत्र लागत नाही, महागडे औषध लागत नाही. लागते ते एवढेच की, वेळेवर कोणीतरी पाहिले पाहिजे.

वारेच्या इतिहासाने शास्त्रज्ञांना जे शिकविले तेच तो समाजालाही शिकवितो. निरोप पाठविणारा कितीही बोलका असला तरी तो घेणारा जागेवर नसेल, तर निरोप व्यर्थ जातो. सुजलेली पावले, ठणकणारे डोके, डोळ्यांपुढची अंधारी हे आईच्या देहाने पाठविलेले निरोप आहेत. शेकडो वर्षे ते घेणारे कोणी नव्हते, म्हणून आजार विजेसारखा भासला. दल्ली-राजहऱ्याच्या कामगारांनी आपल्या एका भगिनीच्या मृत्यूचा निरोप ऐकला आणि त्यातून रुग्णालय उभे राहिले. दुर्गच्या एखाद्या पाड्यात आज मितानिन जेव्हा गर्भिणीच्या दारात उभी राहून ‘पाय सुजले का गं?’ असे विचारते, तेव्हा तीही तेच काम करीत असते.